रद्द केलेली किल्ली

"तू कोनासंगे बोली ऱ्हायनी?" आईने दारातून विचारलं. मी ओट्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते आणि एकटीच हसत होते.

"कामना माणूस शे."

"तो शे का ती शे?"

"माले माहित नही."

"किती वरीस पासून बोलस?"

"सहा."

आई आत गेली. सहा वर्षं रोज बोलायचं आणि समोरचा बाप्या की बाई ते ठाऊक नाही, यावर तिने बोलावं तरी काय. पण ते खरं होतं. आमचं बोलणं इंग्रजीत, आणि तेही टाइप केलेलं. इंग्रजीत माणूस आपला थांग न लागू देता वर्षानुवर्षं बोलू शकतो. मराठीत 'मी जेवलो' की 'मी जेवले' इथेच पकडला जातो. इथे मी 'तो' लिहिते आहे, कारण 'सोबती' हा शब्द पुल्लिंगी आहे, एवढंच. त्याचा देश मला माहीत नव्हता, वय माहीत नव्हतं. त्याच्याकडे किती वाजलेत हेही मी कधी विचारलं नव्हतं, वेळेवरून देश कळतो. त्याला माझं जेवढं माहीत होतं तेवढं मी कामातल्या दुसऱ्या कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

पोटापाण्याचं काम वेगळं होतं. लॉकडाऊनमध्ये पुण्याहून सारंगखेड्याजवळच्या आमच्या गावी आले, कंपनीने घरूनच काम चालू ठेवलं, आणि मी परत गेलेच नाही. उरलेल्या वेळात आम्ही एक प्रोग्राम सांभाळायचो. तो कुणाच्या मालकीचा नाही. त्याचा कोड कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. ज्यांच्याकडे तो आहे त्यांचे कॉम्प्युटर एकमेकांचे निरोप पुढे पोचवतात. मध्ये कुठलीही कंपनी नाही की मोठा सर्व्हर नाही. प्रत्येक कॉम्प्युटरला फक्त आपल्या अलीकडचा आणि पलीकडचा माहीत असतो. त्यामुळे निरोप कुणी पाठवला आणि कुणाला पोचला, हे दोन्ही एकाच ठिकाणी कुणाला कळत नाही. ज्याला तोंड लपवल्याशिवाय खरं बोलता येत नाही, अशा माणसांसाठी तो होता. ती माणसं कोण, हे आम्हालाही कळत नसे. कळलं असतं तर आमचं काम फसलं असं झालं असतं.

नवीन आवृत्ती सोडायची तर तिच्यावर दोन सह्या लागायच्या, एक माझी आणि एक त्याची. कागदावरच्या सह्या नव्हेत. ज्याची त्याची गुप्त किल्ली असते, तिने कॉम्प्युटरवर केलेल्या. आम्ही दोघं आपापल्या घरी त्याच कोडवरून प्रोग्राम वेगवेगळा तयार करायचो, निकाल अक्षर न अक्षर जुळला की सही करायचो. एकाच्या मनात खोट आली, किंवा एकाच्या मानेवर कुणी सुरी ठेवली, तरी दुसऱ्याशिवाय काही बाहेर पडू नये म्हणून.

मग त्या वर्षीच्या यात्रेच्या तोंडावर, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोडे उतरायला लागले होते तेव्हा, त्याने मला लिहिलं, "तुझ्या जुन्या कोडमध्ये काहीतरी आहे. बसून वाच."

मी बसून वाचलं. निरोपासाठी पुढचा कॉम्प्युटर निवडायचा भाग मी लिहिला होता, तीन वर्षांपूर्वी. जो कॉम्प्युटर आपला वेग जास्त सांगायचा त्याला माझा कोड जरा जास्तच वेळा निवडायचा. सांगितलेला वेग खरा की खोटा, हे तो नीट तपासत नव्हता. म्हणजे एखाद्याने पुष्कळसे खोटे कॉम्प्युटर उभे केले आणि त्यांना वेगाच्या मोठमोठ्या थापा मारायला लावल्या, तर निरोपाच्या दोन्ही टोकांना त्याचेच कॉम्प्युटर येणार. मग कोण कुणाशी बोलतंय हे त्याला समोर दिसणार. तीन वर्षं ते दार उघडं होतं आणि ते मी उघडं ठेवलं होतं.

"कुणी आत शिरलंय का?" मी विचारलं.

"कुणीतरी शिरलंय असं वाटतंय. गेल्या महिन्यात नवे कॉम्प्युटर फार आलेत आणि सगळे एकसारखे वागतात."

त्याने मला जराही बोल लावला नाही. चार दिवस आम्ही दुरुस्ती लिहीत होतो. मी लिहायचे, तो मोडून दाखवायचा, मी परत लिहायचे. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "आता बरं दिसतंय. सोमवारी मी पुन्हा पहिल्यापासून तपासतो आणि सही करतो. तू जेवून घे."

सोमवारी तो आला नाही.

मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. पहिल्यांदा मी आजाराचा विचार केला, मग वीज गेली असेल, नेट गेलं असेल असा. आमच्याकडे तर ते रोजचं. शनिवारपर्यंत ही सगळी कारणं संपली. मग जे मनात आलं ते मी कुणालाही सांगू शकले नाही. तो मला लिहायचा ते आमच्याच नेटवर्कवरून. जे दार मी उघडं ठेवलं होतं, त्याच दारातून कुणी त्याच्यापर्यंत पोचलं असेल तर?

शोधायला जागाच नव्हती. नाव नाही, फोन नाही, गाव नाही. पोलिसात जाऊन काय सांगणार, कोण हरवलंय? त्याला कुणी शोधू शकू नये अशी सोय आम्हीच सहा वर्षं झिजून केली होती. रोज सकाळी उठल्यावर मी आधी लॅपटॉपवर त्याच्याशी बोलायची खिडकी उघडायचे. आई ताट वाढून ठेवायची आणि तसंच झाकून न्यायची.

"मरी गया व्हई का तो?" एकदा तिने हळूच विचारलं.

"आई, माले काय माहित."

आमचा एक नियम होता. दोघांपैकी कुणी न सांगता चौदा दिवस गप्प राहिलं, तर दुसऱ्याने त्याची किल्ली रद्द करायची. म्हणजे साऱ्या जगाला कळवायचं, की या सहीवर यापुढे विश्वास ठेवू नका. कारण गप्प झालेल्या माणसाची किल्ली कुणाच्या हातात आहे ते सांगता येत नाही. नियम त्यानेच सुचवला होता. तेव्हा म्हणाला होता, "माझी वेळ आली तर दया दाखवू नकोस. मला राग येईल."

चौदावा दिवस नेमका यात्रेच्या गर्दीत आला. रस्त्याच्या कामात जेसीबीने आमच्या गावाची केबल तोडली होती. मोबाइलवर करावं, तर यात्रेला लोटलेल्या माणसांच्या फोनांनी टॉवर गच्च भरलेला. एक ओळ जायला दहा मिनिटं, आणि तीही अर्धी. मी वडिलांना म्हटलं, मला शहाद्याला जायचंय. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "गाडी मी चालाडस. तू मांगे बस."

शहाद्यात माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचं कापडाचं दुकान आहे. तिचे आजोबा राजस्थानातून आले, आता तिसरी पिढी गादीवर. तिच्याकडे चांगलं नेट होतं. तिने मला मागे, साड्यांच्या गठ्ठ्यांपलीकडे बसवलं आणि चहा मागवला. मी लॅपटॉप उघडला आणि नुसती बघत बसले. समोर लग्नाच्या बस्त्याला आलेल्या बायका हिरवा रंग आणखी गडद आहे का विचारत होत्या.

गिऱ्हाईक गेल्यावर मैत्रीण माझ्याजवळ येऊन टेकली. "काय करायचं होतं ते केलंस?"

"नाही."

"काय आहे तरी काय?"

"एकाला काढून टाकायचंय. कामातून."

"भांडण झालं?"

"नाही गं. तो येत नाहीये दोन आठवडे."

"येत नाही म्हणून काढतात का? माझा भाऊ सुरतेला गेला की आठ-आठ दिवस फोन करत नाही. त्याला काय मी घराबाहेर काढते?"

"तो अडचणीत असेल कदाचित," एवढंच मी म्हणाले.

"मग तर तू उलटंच करतेयस," ती म्हणाली. वाईट बोलायचं म्हणून नाही, तिला तसं वाटलं म्हणून. आणि मला रडू फुटलं. दुकानातल्या नोकरांनी माना वळवल्या. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी किल्ली रद्द केली. करायला मिनिटही लागत नाही. नाव निवडायचं, खात्री आहे का म्हणून विचारतात, हो म्हणायचं. आमच्या कामात तिसरा एक होता, वयाने मोठा, अडीअडचणीला सही करणारा; आमच्यापैकी एकाची किल्ली रद्द झाली तरच त्याची सही चालायची. तो त्या दिवशी दुसऱ्या टोकाला तयार बसला होता. दुरुस्ती त्याने तपासली, दोघांनी सह्या केल्या, आणि संध्याकाळच्या आत नवी आवृत्ती बाहेर पडली. पुढच्या काही दिवसांत ते एकसारखे वागणारे कॉम्प्युटर हळूहळू निघून गेले. लोकांनी आभार मानले. चूक कुणी शोधली, या जागी मी त्याचं टोपणनाव लिहिलं होतं. त्याखाली कुणीतरी विचारलं, "मग यांचीच किल्ली का काढली?"

सात आठवड्यांनी निरोप आला.

मी अंगणात मिरच्यांचे देठ खुडत होते. पिशवीभर झाल्या म्हणून हात झटकून आत आले, लॅपटॉप उघडला, आणि खिडकीत त्याचं नाव. सही त्याच्याच जुन्या किल्लीची, रद्द केलेली, पण बरोबर. "मी आजारी होतो. खूप. आता बरा आहे. तू केलंस ते वाचलं. मला परत घे."

मिरचीचा हात चुकून डोळ्याला लागला, डोळे आग आग व्हायला लागले, आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मला आनंद झालाय आणि मी त्यावर विश्वास ठेवू शकत नाही.

त्याला ओळखायचं कसं? आमच्या पपईला रोग पडला होता ते त्याला ठाऊक होतं, आईच्या गुडघ्याचं ठाऊक होतं. पण ते सगळं लिहिलेलं होतं. त्याचा कॉम्प्युटर ज्याच्या हाती पडला असेल, त्यालाही आता आईचा गुडघा माहीत. सहा वर्षांच्या मैत्रीत एकही गोष्ट अशी नव्हती जी टाइप होऊन कुठेतरी साठलेली नाही. एकच सोडून. फार पूर्वी आम्ही एक वाक्य ठरवलं होतं, तेवढ्यापुरतं लिहून लगेच दोन्हीकडून पुसून टाकलेलं. कुठे लिहायचं नाही, फक्त डोक्यात ठेवायचं. आणि शेजारी कुणी बसून जबरदस्तीने लिहायला लावत असेल, तर ते वाक्य विसरलो म्हणायचं, असंही ठरलं होतं.

मी लिहिलं, "आपलं वाक्य सांग."

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. "आठवत नाही. तापात बरंच गेलं. पण तू मला ओळखतेस."

मी ते किती वेळा वाचलं असेल. तो खरोखर आजारी असेल आणि विसरला असेल. दुसराच कुणी असेल आणि त्याला माहीतच नसेल. किंवा तोच असेल, शेजारी कुणी बसलेलं असेल, आणि ठरल्याप्रमाणे तो मला सांगत असेल, की घेऊ नकोस. तिन्ही माणसं हेच शब्द लिहिणार. आणि मला तिघांनाही एकच उत्तर द्यायचं होतं.

"मला परत घेता येणार नाही," मी लिहिलं. "तू तू असशील तर मला माफ कर. कुठे मदत लागत असेल तर सांग."

थोड्या वेळाने दोन ओळी आल्या. "तू बरोबर केलंस. काळजी घे."

त्यानंतर काही आलं नाही. मी महिनाभर लिहीत राहिले, मग बंद केलं. त्या दोन ओळी त्याच्यासारख्या होत्या. पण हुशार शत्रूनेही जाता जाता हेच लिहिलं असतं.

त्या दोन ओळी आल्या त्याच दिवशी आईला सगळं सांगितलं होतं, जमेल तसं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. कॉम्प्युटरचं तिला कळलं नाही, बाकीचं कळलं.

"तो खराच व्हई तं?" तिने विचारलं.

"तं मी त्याले दारवरथून परत धाडं."

तिने माझं ताट पुढे सरकवलं. मग म्हणाली, "तुन्हाजवय दुसरं काय व्हतं." तो प्रश्न होता की समजूत, ते मी विचारलं नाही.

काम मी सोडलेलं नाही. सोडावंसं फार वाटलं. मी लिहिलेली प्रत्येक ओळ आता मला संशयाने बघते, आणि पुन्हा कुठे चूक असेल तर तिची किंमत कोण भरेल, हे मला कधी कळणारही नाही. तिसऱ्याने सहीसाठी एक नवा माणूस सुचवला. आम्ही दोघांनी त्याला वर्षभर पारखलं. काम चोख आहे, स्वभाव मोकळा आहे. परवा एक लांबलचक तपासणी संपल्यावर त्याने सहज विचारलं, "तुमच्याकडे आता किती वाजलेत?"

मी घड्याळाकडे पाहिलं आणि त्याला खोटी वेळ सांगितली.