आत्याचं ‘पानी’

हेडसरांच्या खोलीत फोन आला तेव्हा मी सातवीला शुद्धलेखन घालत होते. आत्याच्या शेजारची लक्ष्मीकाकू ओरडत होती, “सुमनवर कोनी मूठ मारलीय, लगेच ये!” विरारहून अर्नाळ्याची एसटी मिळेपर्यंत मी उभ्या उभ्या सगळ्यांना शिव्या घालत होते, आत्यालासुद्धा.

आमच्या किनाऱ्यावर मूठ मारून माणूस थंड करणारे ढीगभर. होडी लावायच्या जागेवरून भांडण झालं, की मार मूठ. ती परतवणारी मात्र एकटी माझी सुमनआत्या. आजाऱ्याच्या छातीवर तळवा ठेवायचा आणि म्हणायचं, “आलीस तशी पानी हो.” फक्त तीनदा, चौथ्यांदा म्हणायची सोय नाही. स्वतःसाठी स्वतः म्हटलेला मंत्र लागत नाही, म्हणून तिने तो मला शिकवला होता. आणि मी काय केलं? तिलाच सुधारत बसले. शाळेत बाई झाले होते ना! चार माणसांत म्हणायचे, “आत्या, पानी नव्हे, पाणी.” माणसं हसायची. तीही हसायची, आणि मग दिवसभर माझ्याशी बोलायची नाही... मला त्याचीही मजा वाटायची. किती नीच होते मी!

भर दुपारी पोचले. तिचे ओठ निळे पडले होते. छातीवर हात ठेवून म्हटलं, आणि तोंडातून आलं ‘पाणी’. आत्याने डोळे उघडले. “न म्हन गो... न.” दुसऱ्यांदा इतकं जपून म्हटलं, तरी तोच ठसठशीत ण. बारा वर्षं पोरांच्या जिभेला लावलेलं वळण माझ्याच जिभेला चिकटलं होतं. तिसऱ्या वेळी मी रडत होते. रडतानाही शुद्धच बोलले.

आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, “पास झालीस.” त्यानंतर ती काही बोलली नाही.

याला महिना झाला. तिच्या घराला मी कुलूपच ठेवलं होतं. परवा मी अर्नाळ्याला गेले, तर लक्ष्मीकाकू दोन वर्षांची नात घेऊन आत्याच्या ओट्यावर येऊन बसली. पोर निळी पडत होती. काकू उठेचना, शेवटी उघडलं. आत्या बसायची तिथेच बसले, हात ठेवला. “पानी हो.” पहिल्याच खेपेला आलं, अगदी सहज. पोरगी उठून बसली, खायला मागू लागली. काकूने रडत माझे पाय धरले. “सुमनच बोलली गो तुझ्या तोंडातून!”

मला त्या पोरीचा इतका राग आला, की मी तिला जवळसुद्धा घेतलं नाही.