न भ्यालेल्या डुकराचा हॅम

मी शिरूर सोडलं त्या सकाळी बाबांनी आधी डुकरांना खायला घातलं आणि मग मला चहा दिला. हा क्रम आमच्या घरात कधीच बदलला नाही, त्यामुळे मी रुसले नाही. पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन ते पुढे चालले आणि मी मागे. मिशन कंपाउंडचं फाटक, मग धुळीचा रस्ता, मग एस. टी.चा थांबा. वाटेत त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. मोटार हलताना खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "मार्था, लोकाच्या घरी ताटात टाकू नगं. आन् जनावर भ्यालेलं असंल, तर त्याचं खाऊ नगं." लेकीला निरोप देताना बापाला ह्याच दोन गोष्टी सुचाव्यात, याचा राग मला दौंड येईपर्यंत पुरला.

कंपाउंडात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं बिऱ्हाड उचलून पांगलेल्यांनो, तुम्हाला बाबा ठाऊक आहेत. तुमच्या मुलांना नाहीत, म्हणून लिहिते. मिशनच्या मडमा मायदेशी परत गेल्या तेव्हा शाळा, दवाखाना आणि डुकरं मागे राहिली. शाळा-दवाखान्याला वाली मिळाले आणि डुकरं बाबांच्या गळ्यात पडली. गावाच्या कडेला फिरणारी काळी डुकरं वेगळी. ही पांढरी, गुलाबी कानांची, कोंडा आणि उकडलेल्या साली खाणारी, रोज बादलीभर पाण्यानं धुतलेली. तरी गाव आम्हाला नावं ठेवायचं ते ठेवायचंच. आमचे पाळकसाहेबसुद्धा बाबा देवळात बसलेले असले, की शुभवर्तमानातला, भुतं डुकरांच्या कळपात शिरतात तो उतारा टाळून पुढचा वाचायचे.

बाबांची एक रीत होती. जे जनावर कापायचं, त्याला ते आठ दिवस हातानं भरवायचे. नवव्या दिवशी ना दोर, ना काठी. खुराड्याचं दार उघडून ते म्हणायचे, "ये बाई, ये. माझ्या मागं ये." मग पुढे चालू लागायचे, मागे न बघता. आणि ते जनावर त्यांच्या मागोमाग अंगण ओलांडून कोपऱ्यातल्या शेडमध्ये जायचं. आत गेल्यावर आवाज म्हणून यायचा नाही. शेजारी तवा तापायच्या आत सगळं संपलेलं असायचं. मला लहानपणी वाटायचं, सगळ्याच घरी असंच होतं.

दौंडला मी रेल्वेवाल्यांच्या एका क्लबच्या किचनमध्ये लागले. स्टेशनभर इंजिनांचा धूर, बंगल्यांतून अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि गार्ड, त्यांच्या बायकांचे फ्रॉक, आणि नाताळला टेबलावर हॅम हवाच. हॅम म्हणजे डुकराची मागची मांडी, मिठात मुरवून धुरावर टांगलेली. ती निवडायचं काम पेद्रूमामांचं. हे गोव्याचे, किचनचे मुख्य, तोंडानं फटकळ. त्यांच्याकडे बकरीच्या नळीचं हाड घासून केलेली एक सुई होती. ती मांडीत हाडाच्या कडेनं खोल खुपसायची, झटकन काढायची आणि नाकाशी धरायची. वरून कितीही देखणा हॅम असो, आतली खबर सुई सांगते. शिवाय चरबी पांढरी आणि घट्ट हवी, घोट्याकडचा भाग बारीक हवा, कापलेली बाजू कोरडी हवी. ज्याचं मांस फिकं पडून पाणी सोडतं त्याला मीठ धरत नाही, ते आतून नासतं.

पहिल्याच महिन्यात त्यांनी माझ्या हातात सुई दिली. तीन हॅम ओळीनं हुंगून मी मधल्यावर बोट ठेवलं. "हे जनावर भ्यालं होतं."

"नासलंय म्हण की."

"नासलेलं नाही अजून. भ्यालं होतं."

त्यांनी कापून पाहिलं. पाणी सुटलं होतं. मग माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी चेटूक केलंय. त्या दिवसापासून निवडायचं काम माझं झालं, आणि दोन वर्षांत क्लबचा नाताळचा हॅम बाबांकडून यायला लागला. ते तो गोणीत बांधून मोटारीच्या टपावर चढवायचे. जन्मात खोटं न बोललेला माणूस कंडक्टरला सांगायचा, "गीतांची पुस्तकं हायेत." बाबांच्या हॅममध्ये सुई घातली की मीठ, धूर आणि त्याखाली एक गोडसर, झोपेतल्या लेकराच्या मानेसारखा वास यायचा. त्या वासानं मला घरची आठवण येऊन रडू फुटायचं, हेही सांगून टाकते.

मग ते वर्ष आलं. पेद्रूमामा निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी मी यायचं जवळजवळ ठरलं होतं. किचनमध्ये बाई मुख्य, तीही खेड्यातली, हे कमिटीतल्या काहींना पचत नव्हतं. नाताळचा हॅम बिघडला असता, तर माझा निकाल तिथेच लागला असता. थंडी पडल्यावर बाबांची पहिली गोणी आली. मी सुई घातली, काढली, पुसून पुन्हा घातली. तो वास नेमका कसा, ते मला अजून सांगता येत नाही. तोंडात पैसा धरल्यावर जीभ कशी होते, तसं काहीतरी. पेद्रूमामांनी हुंगलं आणि हळूच म्हणाले, "तुझा बाप बरा आहे ना, बाय?"

दुसऱ्या सकाळी मी शिरूरला उतरले. कंपाउंडात शिरले तेव्हाच जाणवलं, की ऐकू काहीच येत नाहीये. डुकरं असलेल्या घरात शांतता नसते हो. खुराड्यात अकरा डुकरं होती आणि अकराही दाराकडे पाठ करून भिंतीला तोंडं लावून उभी होती. खायला घातलेलं तसंच होतं. बाबा बाजेवर बसले होते, तेही तसेच, भिंतीकडे बघत.

"मी मागं वळून बघितलं," ते म्हणाले. एवढंच. पुढचं मी विचारून विचारून काढलं. चालताना मागची पावलं थांबली, म्हणून ते वळले. जनावर त्यांच्या तोंडाकडे बघत उभं होतं. मग ते हलेना. शेवटी गडी बोलावून दोर लावावा लागला, आणि ते ओरडलं. चाळीस वर्षांत आमच्या अंगणात तो आवाज पहिल्यांदा झाला.

"आता माझ्या हाकंला एकबी येत न्हाई," बाबा म्हणाले. "तू हाक मारून बघ. तुझा आवाज माझ्यावर गेलाय."

मी नाही म्हणायला हवं होतं का? ह्याचं उत्तर मी वीस तऱ्हांनी दिलंय आणि एकही पटत नाही. मला ती जागा हवी होती. आणि मनाशी एक समजूत पक्की होती, की जनावराला काही कळत नाही, म्हणून ते भीत नाही, म्हणून त्यात पाप नाही. मी आठ दिवस राहिले. एका वयात आलेल्या मादीला हातानं भरवलं. पाचव्या दिवशी तिनं भिंतीकडचं तोंड फिरवलं. सातव्या दिवशी ती माझ्या तळहातावर नाक ठेवून उभी राहिली.

नवव्या दिवशी सकाळी मी दार उघडलं. "ये बाई, ये. माझ्या मागं ये." माझ्या तोंडून बाबांचा आवाज निघाला, मला स्वतःलाच दचकायला झालं. मी चालू लागले. चाळीस पावलांचं अंगण. मागे तिची पावलं, माझ्या पावलांत पाऊल मिळवून. निम्म्यात ती ऐकू येईनाशी झाली. मान आपोआप वळत होती, ती मी दात आवळून धरली. आणि मग गुडघ्याच्या मागे ऊन श्वास लागला. ती माझ्याहून हलकं चालत होती, इतकंच. त्या वेळी मला ट्रंक घेऊन पुढे चालणारे बाबा आठवले. शेडमध्ये ती माझ्या पुढे झाली आणि कुणी हात न लावता आडवी झाली.

तिचा हॅम दौंडला आला तेव्हा पेद्रूमामांनी सुई स्वतः घातली. "पास," म्हणाले. नाताळच्या जेवणात एका गार्डच्या बायकोनं मला टेबलाशी बोलावून माझा हात हातात घेतला. जागा मला मिळाली.

पुढे साहेबलोकांची कुटुंबं एकेक करून ऑस्ट्रेलियाला गेली, माझं लग्न झालं, मुलं झाली. शिरूरची खुराडी मोडली आणि शेवटच्या दिवसांत बाबा माझ्या दौंडच्या क्वार्टरमध्ये येऊन राहिले. एका दुपारी त्यांना भरवताना मी धीर करून विचारलं, "बाबा, त्यांना काही कळत नव्हतं ना?"

त्यांनी घास गिळला. "कळत व्हतं की."

"कधीपासून?"

"पयल्यापासनं. आठ दिस हातानं खातानाच कळायचं त्यांला."

"मग यायची कशी?"

"हाक मारली म्हनून," बाबा म्हणाले, आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

मी हॅम अजूनही निवडते आणि खाते. भ्यालेला परत पाठवते, न भ्यालेला ठेवते, आणि दोन्हींपैकी कुठला जास्त निर्दोष हे आता मला सांगता येत नाही. शिरूरला आमचं घर होतं तिथे आता दुसरं कुणी राहतं, माझं घर दौंडलाच आहे. दोन खोल्या, मागे मोरी, रुळांच्या आवाजानं हलणारी भांडी. शेजारणी थट्टा करतात, की ह्या घरात एवढी माणसं आणि कुणी कुणाला मारलेली हाक कशी कधी ऐकू येत नाही. खरं आहे ते. जेवायची वेळ झाली, की मी हातातलं टाकून उठते, मुलं खेळत असतील तिथवर चालत जाते आणि एकेकाच्या खांद्याला हात लावते. मग त्यांना पुढे घालते आणि त्यांच्या मागून घरी येते.