रिकामी बशी

२०१९ साल, मी बहात्तर वर्षांचा. नात सुमन जर्मनीत विज्ञानातल्या संशोधनाची मास्टर्स करत होती. एका संध्याकाळी तिनं फोनवर काचेची बशी दाखवली. महिनाभर राबूनही बशीत शेवाळ धरलं नव्हतं, आणि पोरगी चक्क हसत होती.

"नापास झालीस का गं? आता परत धाडतील?"

"नाही हो आबा! का वाढलं नाही, तेही इथं लिहायचं असतं. पुढच्याचा फेरा वाचतो."

मी चौथीत नापास झालो तेव्हा मास्तरांनी छडी मारली. का झालो, ते कुणी विचारलं नाही. रिकाम्या बशीलाही मान देणारी शाळा जगात आहे, याचंच मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाव्याच्या दुकानात मी सगळ्यांना पेढे वाटले.

"कशाचे हो, आबा?"

"आमच्या सुमनचा प्रयोग फसला."