एक जूनची रीता

रीताची जन्मतारीख मी ठरवली. मी म्हणजे रत्नमालाबाई, पोहरादेवीजवळच्या तांड्यावरच्या शाळेची मास्तरीण. रिटायर होऊन तीन वर्सं झाले, पण ते एक काम मले अजून सुखानं जेवू देत नाई.

दिवाळी झाली का अर्धा तांडा ऊसतोडीले जाते. त्या साली गाड्या भरून उभ्या होत्या, आन् रीताची माय धनीबाई तिले कडेवर घेऊन माह्या वर्गात आली. पोरगी एवढीशी, पाचवं वर्स बी सरलं नव्हतं. आदल्या साली फडात एक लेकरू ट्रॅक्टरखाली आलं होतं. गावात वसतिगृह होतं, पण तिथं सहा वर्साच्या आतलं लेकरू घेत नव्हते.

"बाई, सहाची लिवा," धनीबाई म्हणे. "पोरगी जित्ती राह्यली पाह्यजे."

मी लिवली. साल मांगं नेलं आन् साऱ्या मास्तराईसारखी एक जून टाकली. जुलै टाकाले काय माहा हात मोडला होता? पण हात सवयीनं चालते.

मंग हरिसिंग फौजेतून सुभेदार होऊन घरी आला. तिथं तो बॉक्सिंग खेळे. खताच्या पोत्यात वाळू भरून त्यानं ते निंबाले टांगलं आन् तांड्यातल्या पोट्ट्याईले शिकवाले लागला. पोट्टे आठ दिसात पळाले, एकटी रीता राह्यली. लोक म्हणत, नाक फुटलं तं हिले करीन कोण? हरिसिंग म्हणे, आमच्या वक्ती रिंगजवळ बाई दिसत नव्हती. आता फौज बॉक्सिंगवर पोरी भरती करून राह्यली, हवालदार करून राह्यली. मले तं खरंच वाटे ना. पण रीता राज्याचं मेडल घेऊन आली आन् मी साऱ्या तांड्याले पेढे वाटले.

यंदा फौजेच्या चाचणीचं पत्र आलं. हरिसिंगनं मोठ्या कौतुकानं मले वाचाले देल्लं. त्याच्या डोक्यात पोरीचं खरं वय. पत्रात लिवलं होतं, जन्म एक जुलैच्या आधीचा नको. साल पाह्यलं आन् मी बोटावर मोजलं. खऱ्या वयानं रीताजवळ दीड वर्स शिल्लक होतं. कागदावर ती तीस दिवसानं मोठी.

तवाच सांगाले पाह्यजे होतं मी. नाई सांगतलं. सायेब लोक खेळ पाहून सोडून देतीन, असं मनाले समजावत बसली. भेकड बाई!

रीता तिन्ही लढती जिंकली. मंग कागद पाह्यले, आन् पाच मिनटात पोरगी बाहेर.

मी लिहून देल्लं का तारीख खोटी हाय, मीच टाकली, माहं काय करायचं ते करा. हापिसातला बाबू म्हणे, पोरगी शाळेत हाय तवर तारीख सुधारता येते, आता नाई. आन् पुरावा कुठं हाय? धनीबाई म्हणे, संक्रांतीच्या आदल्या दिवशी झाली, फडात, मोळ्या बांधता बांधता. फडात कोण नोंद करते? खऱ्या तारखेले कागद नाई आन् खोट्या तारखेवर माही सही.

मी रीताच्या घरी गेली. म्हटलं, पोरी, शिव्या दे मले.

"सहाची लिवली नसती तं मी फडातच असती, बाई," ती म्हणे. "तुमाले काय बोलू?" आन् तोंड फिरवून हाताची पट्टी गुंडाळत बसली. बोलली असती तं बरं झालं असतं.

आता ती त्याच निंबाखाली पोरीईले शिकवते. काल सात नव्या पोरी आल्या, आठवी-नववीतल्या. ग्लोव्ह द्याच्या आधी रीतानं साऱ्याईचे शाळेचे दाखले मांगले. पाच जणीईची तारीख एक जून होती आन् खाली सही माही.

तिनं ते पाचही दाखले माह्या हातात देल्ले.

"बाई, याईच्या मायाईले आजच इचारा, खरी तारीख कोणती ते. दिवाळीनंतर त्या गावात भेटाच्या नाईत."

मी चप्पल घातली आन् निंगाली.