न थांबणारं पेन

शाईची बाटली उघडली की त्या वासासरशी मला पन्नास वर्षांपूर्वीची वळसंगची शाळा आठवते. तिथं मास्तर असताना मी यल्लव्वाची पत्रं लिहून द्यायचो. तिचा मुलगा सोलापूरच्या गिरणीत होता. मी टाक दौतीत बुडवला की ती बोलायची थांबायची, आणि तेवढ्यात मनातलं गिळून टाकायची.

त्या दिवशी माझ्याकडे नवं पेन होतं. मागचं टोक फिरवलं की ते स्वतःच शाई ओढून घ्यायचं, आणि हातात आहे की नाही असं वाटावं इतकं हलकं. पान भरत आलं तरी शाई संपेना. मी थक्क होऊन लिहीत राहिलो, तशी तीही बोलत राहिली.

"अजून तुजंबी ताट वाढती रं," ती बोलून गेली आणि दचकली. "एवढं खोडा की, मास्तर."

मी होकारार्थी मान हलवली, पण न खोडता शाई वाळू दिली.