कोळशाच्या ढिगातला नागोबा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण फजिती माझीच आहे आणि ती सांगताना अजूनही माझ्या तळहातांना घाम फुटतो.

दुसऱ्या महायुद्धाचे, लढाईचे दिवस. मी खालापूरच्या शाळेत नवा मास्तर, नोकरी अजून कच्ची. आणि मला नाद कसला? तर कोळशाचा! अहो, कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडली गेलेली रानं. आपल्या इथल्या काळ्या कातळात त्यांचा मागमूस नाही. पण कर्जत-खोपोली गाडीच्या इंजिनासाठी लांबच्या खाणीतला कोळसा यायचा. त्यात मधूनच पाटीसारखा दगड निघायचा, आणि त्यावर जिभेच्या आकाराचं पान उमटलेलं! शीर न् शीर दिसायची. अशी नऊ पानं माझ्या ट्रंकेत होती. साल मात्र मिळत नव्हती. त्या रानातल्या झाडाची खवल्याखवल्यांची साल मी कॉलेजात काचेच्या कपाटात एकदाच पाहिली होती, आणि तेव्हापासून ती डोक्यात बसली होती.

एका रविवारी दुपारी कर्जतच्या यार्डात, कोळशाच्या ढिगापाशी ती मला दिसली. नारळाएवढा काळा गोळा, अंगभर तिरप्या चौकटी! मागचापुढचा विचार न करता मी तो पिशवीत घातला आणि खोपोलीच्या गाडीत चढलो.

गाडी हलली आणि मग डोक्यात प्रकाश पडला. लढाईमुळे कोळशावर सरकारचं कंट्रोल होतं! मूठभर कोळसा उचलला म्हणून माणसं आत जात होती. शिवाय पुलाखाली बाँब ठेवणाऱ्या चळवळवाल्यांच्या शोधात पोलीस येताजाता पिशव्या उलट्या करत होते. आणि समोरच्याच बाकावर कोण बसलेला? खालापूरचा हवालदार!

"मास्तर, पिशवीत काय हाय? लय जड दिसतंय."

मी पिशवी पायाआड सरकवली. कोळशातला दगड म्हणावं, तर चोर. झाडाची साल म्हणावं, तर वेडा, नाहीतर बाँबवाला. नोकरी जाणार, अब्रू जाणार, आईला काय तोंड दाखवू? आणि तोंडातून निघून गेलं, "देव!"

"देव?"

"आमचा कुलदेव. शेतात सापडला."

झालं! हवालदाराने टोपी काढून हात जोडले. शेजारच्या म्हातारीने पिशवीत डोकावून पाहिलं.

"अगं बया! आंगावर खवलं हायत! नागोबा हाय रं ह्यो!"

तिने बाजारातून आणलेली कुंकवाची पुडी तिथेच सोडली. केळवली स्टेशन येईपर्यंत माझी साल लालभडक. मी शास्त्राचा मास्तर, आणि मनात रामरक्षा म्हणत होतो! वाटलं, खोपोलीला उतरावं आणि सटकावं. पण कसलं काय!

"देवाला पायी नेता व्हय, मास्तर?" हवालदाराने बैलगाडी थांबवली. "चला, आमी हाय ना संगती."

तो संगती होता हेच तर माझं दुखणं! खरं सांगून टाकावं असं वाटेत तीनदा मनात आलं. पण त्याच्या कमरेला बेडी लटकत होती, आणि गाडीच्या दर गचक्याला ती वाजायची. हवालदार मात्र भेटेल त्याला सांगत होता, "मास्तरांचा नागोबा घावला!" खालापुरात शिरलो तेव्हा मागे वीस-पंचवीस माणसं होती, आणि कुणीतरी पुढे पळून गवंड्याला बोलावून ठेवलं होतं. चौथरा बांधायचा, आणि तो आजच!

गवंड्याने आधी देवाला अंघोळ घालायला घेतली. दोन तांबे पाणी ओतलं, काथ्याने घासलं. कुंकू गेलं, कोळशाची पूड गेली आणि खालून राखाडी रंग निघाला. तो थांबला. नखाने टोकरलं. थापीच्या दांड्याने ठोकून पाहिलं.

"मास्तर, ह्यो देव कुठं घावला म्हणालात?"

"शेतात," मी कसाबसा म्हणालो.

"नाय. कर्जतला, कोळशाच्या ढिगापाशी. तिथं पाण्याच्या टाकीच्या कामाला मीच होतो. पावसात सिमिटाच्या गोणी भिजल्या, आतला माल दगड झाला, तो मीच फेकला. ही नक्षी गोणपाटाची हाय!"

मी मटकन खाली बसलो. मग रडत रडत सगळं सांगितलं. रान, पानं, साल, सगळं. हवालदार शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"म्हंजी यार्डातला माल उचललात. आन् वर देवाच्या नावानं खोटं बोललात."

"हो," मी म्हणालो. "माझी नोकरी गेली आता."

त्याने गोळ्याच्या नक्षीवरून एकदा बोट फिरवलं. मग त्याने टोपी नीट बसवली.

"पंचनाम्यात लिवू काय? गोणपाटाची साल चोरली? पंच मला हसतील. जावा घरी."

मी त्याच्या पाया पडायचाच बाकी होतो. "हवालदारसाहेब, तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार ऱ्हाऊ द्या, मास्तर. माझी पोरगी तुमच्या वर्गात हाय. तिला गणित शिकवा, कविता शिकवा. शास्त्राच्या तासाला तेवढी घरी धाडा!"