कराचीचं कॉलेज

अनय, परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, दोन्ही विद्यापीठांत प्रवेश मिळालाय, कुठं जाऊ?" तेवढ्यात सूनबाई भाजत असलेल्या दशमीचा खरपूस, दुधाळ वास आला आणि मी आष्ट्याच्या आमच्या चुलीपाशी जाऊन बसले.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, पुणं आणि कराची दोन्हीकडे इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. जायचं कुठं ते ठरलं नव्हतं, पण आई शिदोरीच्या दशम्या भाजत होती.

"पुण्यात आपलं कोण हाय रं? कराचीत वन्सं हायती. दोन येळा गरम खाशील."

"अगं आई, पुणं एका रात्रीचं. कराचीला आगबोटीनं जावं लागतं!"

"आत्याचं घर कसलं लांब?"

सगळे हसले. दादाही हसला, आणि ठरलं. तेव्हा तो खुशीत दिसला होता. आता वाटतं, त्यानं आईचं मन मोडलं नाही, एवढंच.

फाळणी झाली. आत्या बोटीनं परतली. परीक्षेसाठी मागं राहिलेला दादा आलाच नाही. त्याचं काय झालं, कधी कळलं नाही.

पुढं माझं कॉलेज ठरवायची वेळ आली. सांगली की पुणं, मी आईला विचारलं.

"मला नगं इचारूस, बाई," म्हणाली आणि उठून परसात गेली.